बाक किती वेळा फिरवला

माझ्या सासूबाई तुरुंगात जमादारीण होत्या. बायकांच्या बराकीवर त्यांनी सत्तावीस वर्षं काढली. मी त्या घरात घरजावई म्हणून गेलो तेव्हा त्यांच्या हाताखालच्या सगळ्या कैद्यांची सुटका होऊन गेली होती. जागा रिकामी होती, ती मी भरली.

त्यांचा आवाज कसा होता ते सांगतो. निवृत्त होऊन दहा वर्षं झाल्यावरही त्या बाजारात नुसत्या खाकरल्या, तरी भाजी निवडणाऱ्या दोन-चार बायका हातातली जुडी खाली टाकून भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. खोटं वाटत असेल तर वाटू दे. त्या भिंतीवर पाठींचे डाग आहेत, मी स्वतः पाहिलेत.

तर अशा सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणत होते, आधी एक डोळा करू, महिन्याभरानं दुसरा. अर्धवट काम त्यांना कधी खपलं नाही. म्हणाल्या, दोन्ही उरकून टाका. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं. पट्टी सुटायची होती आठव्या दिवशी. ही गोष्ट जुनी आहे, तेव्हा डोळ्याला टाके घालायचे, केसाहून बारीक. डॉक्टरांनी मला आणि बायकोला बाहेर व्हरांड्यात नेऊन नियम वाचून दाखवले. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, वाकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हसायचं नाही. हसण्याचं कलम सासूबाईंच्या बाबतीत फुकटच होतं. सगळ्यात मोठं कलम त्यांनी शेवटी सांगितलं: रडायचं नाही. हुंदका आला, डोळ्यावर ताण पडला, की टाका जाणार. टाका गेला की डोळा गेला, आणि मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

बायको त्याच इस्पितळात नर्स. घरी आल्यावर तिनं हे मला तीनदा म्हणून दाखवलं. मी म्हटलं, अगं, तुझी आई आणि रडणार? सासरे गेले तेव्हा या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता, असं सगळी गल्ली सांगते. बायको खालच्या आवाजात म्हणाली की गल्लीला काय माहीत. आई रडते. एकाच गोष्टीसाठी रडते. सरकारसाठी.

सरकार ही कोंबडी. सासरे गेले त्याच आठवड्यात खुराड्यातली एक कोंबडी अंडी अर्धवट उबवून उठून गेली. दोन अंडी मागे राहिली. सासूबाईंनी ती मांडीवर घेतली, खाली गरम पाण्याची पिशवी, वर शाल, आणि चार दिवस त्या जागच्या हलल्या नाहीत. भेटायला येणाऱ्यांना वाटायचं, नवऱ्याच्या दुःखानं बाईचा दगड झालाय. पाचव्या दिवशी दगडाखालून पिल्लू बोललं. ती सरकार. ओल्या पिल्लाला ओंजळीत धरून आई दिवसभर रडली, तेवढीच काय ती रडली, असं बायको सांगते. सहा तासांनी दुसऱ्या अंड्यातून आळोखेपिळोखे देत आणखी एक निघालं, ती ढिम्मी.

सख्ख्या बहिणी, दोघी पांढऱ्याशुभ्र, पण दोघींचं नशीब वेगळं. सरकारनं कोंबड्यांच्या प्रदर्शनात दोन वर्षं पहिला नंबर काढला. ढिम्मीनं अंडी देणं सोडलं आणि दुसऱ्यांची अंडी फोडून खायला लागली. अंडी खाणारी कोंबडी बाकीच्यांनाही तेच शिकवते, त्यामुळे कोंबड्या पाळणाऱ्यांच्या घरात हा फाशीचा गुन्हा. सासूबाईंनी निकाल दिलेला होता. सासूबाईंना घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता खाटीक येऊन ढिम्मीला घेऊन जाणार होता. प्रदर्शन त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, आणि त्याआधी सरकारला आंघोळ घालून सुकवायचं काम, दरवर्षी जे सासूबाई स्वतः दार लावून करायच्या, ते यंदा माझ्या गळ्यात आलं होतं.

मी शिंपी माणूस. मापं, खडू, सुई. जिवंत कोंबडी मी त्याआधी हातात धरली नव्हती.

त्या दिवशी बायको सकाळी कामावर गेली. दारातून तिनं पुन्हा एकदा बोट दाखवून बजावलं. मग घरात मी, सासूबाई, आणि त्यांच्या उशाशी एक स्टीलची वाटी आणि चमचा. मोठ्यानं बोलायची बंदी, म्हणून ही सोय. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे काहीतरी हवंय, तीन म्हणजे असाल तसे या. बाकी त्या कुजबुजायच्या. मला आधी वाटलं होतं, बरं झालं, पट्टी सुटेपर्यंत घर शांत राहील. पण ज्या बाईच्या ओरडण्याची सवय झाली, ती कुजबुजायला लागली की अंगावर काटा येतो. पांढरी पट्टी, तिच्याखाली न हलणारे ओठ, आणि ओठांतून येणारा आवाज, जसा दाराच्या फटीतून वारा येतो.

त्यांनी मला कुजबुजत सगळं समजावलं. तीन टब. पहिल्यात साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात चार थेंब व्हिनेगर, म्हणजे पिसाला चकाकी येते. पाणी कोपरानं बघायचं, हातानं नाही, हात खोटं बोलतात. पाय जुन्या टूथब्रशनं घासायचे, त्यासाठी पायातली कडी काढायची. सरकारच्या पायात लाल, ढिम्मीच्या निळं. ओल्या पायात कडी चढवायची नाही, कातडी सोलते. पूर्ण सुकल्यावर चढवायची.

आणि आधी ढिम्मी धुवायची. मी विचारलं, जी खाटकाकडे चालली तिला कशाला आंघोळ? त्यावर त्या म्हणाल्या की चूक व्हायची ती तिच्यावर होऊ दे, हात बसला की मग सरकारला हात लावा. तुरुंगातही नव्या न्हाव्याला आधी जन्मठेपवाल्यावर सोडायचे म्हणे.

मी मागच्या न्हाणीघरात टब मांडले. थंडीचे दिवस, खिडकीच्या काचेवर धुकं बसलेलं. तीन दिवस खुराड्याकडे कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळे दोघी काळवंडल्या होत्या. सरकार कोळशाच्या पोत्यावर बसायची, तिची छाती काळी. ढिम्मी गंजक्या जाळीतून मुंडी बाहेर काढून गल्लीच्या चौकशा करायची, तिच्या गळ्याला तांबडा पट्टा. मी दोघींना त्यावरूनच ओळखायचो. चेहऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. कोंबडीच्या चेहऱ्याकडे कोण पाहतं?

ढिम्मीला कोमट पाण्यात सोडलं. तिनं एकदा पंख फडफडवले, मग डोळे मिटले, आणि तिची मान हळूहळू कलली. चोच पाण्याला टेकली. मी हलवलं, तर मान इकडून तिकडे लोळली, ओल्या मोज्यासारखी.

मेली, असं मला वाटलं. ढिम्मी मेली त्याचं काही नव्हतं, ती तशीही मरणारच होती. पण हिच्यावर हात बसवून मी सरकारला हात लावणार होतो.

आतून तीन ठोके. मी ओल्या हातांनी धावलो.

मेल्यासारखी वाटली ना, असं सासूबाई कुजबुजल्या. म्हणाल्या, गरम पाण्यात सगळ्याच अशा होतात, गुंगी येते. मान हातानं धरून ठेवायची, नाही तर नाकात पाणी जाऊन खरंच मरतात. मी पडत-धडपडत परत गेलो. ढिम्मी जिवंत होती, टबात घोरत होती म्हटलं तरी चालेल. पण त्या तीन ठोक्यांत माझं अर्धं रक्त आटलं, ते अजून भरून यायचंय.

मग सरकार. तिची मान मी डाव्या हातात अशी धरली होती की पुढे आठवडाभर माझी बोटं सरळ झाली नाहीत. साबण, पाणी, व्हिनेगर. छातीचा कोळसा सुटला, पाणी काळं झालं, पाणी बदललं. दोघींना दोन टॉवेलांत लहान मुलासारखं गुंडाळलं, फक्त डोकी बाहेर. टॉवेल इस्पितळातले, दोन्ही सारखे. लाल आणि निळं कडं एका बशीत काढून ठेवलं.

आता सुकवणं. ओली कोंबडी थंडीत राहिली तर संध्याकाळपर्यंत छाती भरते आणि जाते, हे मला दहादा सांगितलेलं होतं. पुढच्या खोलीत माझ्या मशीनशेजारी एक लांब बाक होता. त्याच्यावर दोघींना बसवलं, सरकार दाराच्या बाजूला, ढिम्मी खिडकीच्या बाजूला, टॉवेल सैल केले, आणि समोर हीटर लावला. हीटर एकीकडूनच तापवतो, म्हणून दर दहा मिनिटांनी पाठ-पोट बदलायचं. पण कोंबडीला हात लावायचा नाही, पीस एकदा बसलं की मोडता कामा नये. म्हणून बाकच फिरवायचा, असा सासूबाईंचा हुकूम. टोकाला धरून अख्खा बाक गोल फिरवायचा, म्हणजे पाठमोऱ्या समोर येतात.

फिरवला. सरकार खिडकीकडे गेली, ढिम्मी दाराकडे. दहा मिनिटांनी पुन्हा फिरवला. सरकार दाराकडे. सोपा हिशेब. खडू माझ्या कानावर होता, बाकाखाली प्रत्येक वेळी एक रेघ मारली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण चार-पाच वेळा फिरवायचं, त्याला रेघा कशाला? डोकं आहे की खोकं?

खोकं निघालं.

चौथ्यांदा फिरवला हे मला पक्कं आठवतं. मग पाणी हवं म्हणून ठोका वाजला. मग दोन ठोके, हीटर किती हात लांब आहे ते विचारायला. परत आलो, बाकाचं टोक धरलं, आणि तसाच थांबलो. आत जाण्याआधी पाचव्यांदा फिरवला होता, की फिरवायला उठलो आणि ठोका आला म्हणून तसाच गेलो होतो?

बाकावर दोन कोंबड्या होत्या. दोन्ही अर्ध्या सुकलेल्या, कापसासारख्या फुललेल्या, दोन्हींच्या तुऱ्याला मी तेल लावलेलं, दोन्हींचे पाय घासून पिवळे केलेले. कोळसा नाही, गंज नाही. मी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. एकच चेहरा दोनदा होता.

घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मला घाम फुटला. हीटरचा नव्हे. मनातल्या मनात मी पुन्हापुन्हा उठलो, बाक धरला, ठोका ऐकला, आणि दर वेळी वेगळं आठवलं. पाच असेल तर दाराकडची ढिम्मी. चार असेल तर दाराकडची सरकार. एक चूक, आणि चार वाजता सरकार खाटकाच्या टोपलीत बसून जाणार, संध्याकाळी सासूबाई तिला जवळ घ्यायला हात पुढे करणार, आणि मग पट्टीखाली जे व्हायचं ते होणार. त्या दोन डोळ्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या बाकाच्या फेऱ्यांवर होतं, आणि फेऱ्या माझ्या डोक्यात होत्या.

मी हळूच हाक मारली, सरकार. दोघींनी एकेक डोळा उघडला आणि मिटला. ढिम्मी म्हटलं, तेच.

मग सुचलं, अंडं. गुन्हेगाराला गुन्ह्याच्या जागी न्या, तो स्वतःच कबूल होतो. स्वयंपाकघरातून एक अंडं आणून आधी दाराकडचीच्या चोचीपुढे धरलं, मग खिडकीकडचीच्या. दोघी साध्वी. ढुंकून बघेनात. पुन्हा दाराकडचीपुढे न्यायला गेलो, तर अंडं हातातून सुटलं आणि दोघींच्या मधोमध बाकावर फुटलं. झालं. फुटलेलं अंडं कुठलीही कोंबडी खाते, हे शहाणपण मला त्या दिवशी आलं. दोघींनी मिळून ते असं साफ केलं की बाक पुसायची गरज उरली नाही. दोघींच्या छातीवर पिवळे ओघळ मात्र आले. ते मी ओल्या चिंधीनं पुसत होतो, कान आतल्या खोलीकडे लावून, आणि मागच्या दारात सायकलचा स्टँड लागल्याचा आवाज आला.

पावणेचार. खाटीक वेळेआधी आला होता.

खाटीक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो येतो तो हा नव्हे. किडकिडीत, मऊ बोलणारा, नखं अगदी स्वच्छ. चपला दाराबाहेर काढून आला. हीटर, बाक, टॉवेल, तुऱ्यांवरचं तेल असं सगळं त्यानं बघितलं. मग म्हणाला, मास्तर, इतक्या वर्षांत माझ्याकडे माल आला तो पाय बांधून. असा नटून कुणी आलं नव्हतं. आणि विचारलं, यातली कुठली?

मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तुम्ही जाणकार. त्यानं दोघींना एकेका हातावर तोललं आणि परत ठेवलं. म्हणाला, जुळ्या आहेत, मला कुठलीही चालेल. त्याला खरंच कुठलीही चालणार होती, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. मी म्हटलं, जरा थांबा, अजून ओली आहे. तो म्हणाला, मला पाण्याचं वावडं नाही. आणि उंबऱ्यात उकिडवा बसला, टोपली पुढ्यात घेऊन.

आतून दोन ठोके. आत गेलो तर सासूबाई कुजबुजल्या, सरकारला घेऊन या, कडं चढवण्याआधी मला हात फिरवू दे.

खरं सांगतो, मला एकदम हलकं वाटलं. हे आधी कसं सुचलं नाही? सासूबाईंचे हात. अंधारात पन्नास किल्ल्यांतून नेमकी किल्ली काढणारे हात, रात्रीच्या मोजणीला दिवा न लावता कैदी डोक्यांवरून ओळखणारे. त्या हातांना मांडीवर जन्मलेली कोंबडी कळणार नाही? एक घेऊन जायची. ही नाही म्हणाल्या तर जीभ चावायची, दुसरी आणायची. कबुली न देताच सुटका.

मी दाराकडची उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

बोटं तुऱ्यावरून गेली, मानेवरून, पाठीवरून, छातीच्या हाडावरून, एकेका नखावरून. त्या कुजबुजल्या, हीच, माझी बाई ती. म्हणाल्या की चांगली धुतलीत.

मी तिला उचलून निघालो, तेवढ्यात त्यांनी थांबवलं. ढिम्मीलाही आणा. म्हणाल्या, पुरुषांच्या बराकीतही ज्याला सकाळी फाशीला न्यायचे त्याला आदल्या दिवशी मी भेटून यायची, पाठीवर हात ठेवून यायची, सत्तावीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. हिचंही चुकवायचं नाही.

मी दुसरी आणून ठेवली. पहिली माझ्या काखेत होती.

बोटं पुन्हा निघाली. तुरा, मान, पाठ. पाठीवर थांबली. मागे आली, पुन्हा मानेवरून खाली गेली. मागच्या दारात खाटीक टोपलीची काडी नखानं खुट खुट वाजवत होता.

ही सरकार आहे, सासूबाई म्हणाल्या.

मग म्हणाल्या, ती मघाची द्या. मी दिली. दोघी त्यांच्या मांडीवर, दोघींवर एकेक हात. हात अदलाबदल झाले. पुन्हा झाले. आणि मग ते हात थरथरायला लागले. मी त्या घरात तीन वर्षं राहत होतो. तुटलेली काच, विंचू, रात्री भिंतीवरून उडी मारून आलेला चोर, हे सगळं त्या हातांनी उचलून बाहेर टाकलेलं मी पाहिलं होतं. ते हात थरथरताना पाहून मी सरकारला विसरलो.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “माझे हात गेले.”

त्यांनी दोन्ही हात कोंबड्यांवरून उचलून हवेत धरले.

“डोळे नाही आले तरी हात आहेत, असं म्हणत होते मी मनाशी. गेले सहा महिने तेवढ्यावरच होते. मांडीवर जन्मली ती मला कळेना.”

त्यांची हनुवटी हलली. खालचा ओठ बाहेर आला, लहान मुलाचा येतो तसा. डाव्या पट्टीची कड मला ओलसर वाटली. घशातून काहीतरी वर यायला लागलं होतं, खोलवरून, चार दिवस मांडी न हलवता जे साठलं होतं तेच बहुतेक. मी पाहत होतो. टाका कसा सुटतो ते शिंप्याला सांगावं लागत नाही. आधी एक धागा ताणतो, मग आवाज न करता सगळी शिवण जाते.

पुढे जे झालं ते मी केलं असं मी अजून छातीठोकपणे सांगत नाही.

“खबरदार,” मी ओरडलो. “एक टिपूस काढशील तर बघ. दोघींना आत्ताच्या आत्ता त्याच्या टोपलीत घालीन.”

अहो-जाहो कुठे गेलं देव जाणे. भांड्यांच्या फळीवर पेले किणकिणले. दोन्ही कोंबड्या सासूबाईंच्या मांडीवरून उडून कपाटावर बसल्या. मागच्या दारात टोपली पडली, आणि मग सायकल गेली, घंटी न वाजवता, चपला तिथंच ठेवून. तो खाटीक पुढे कधी आमच्या दारात आला नाही. चपला आम्ही पाठवल्या, आता कुठलीच कोंबडी द्यायची नाही या निरोपाबरोबर.

सासूबाईंचा श्वास अर्ध्यात थांबला होता. चाळीस वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नसेल. ओठ आत गेला. हनुवटी थांबली. त्या पलंगावर हळूहळू मागे सरकल्या, भिंतीला पाठ लावली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ताठ बसून राहिल्या.

मी खाली जमिनीवर बसलो. बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. बाक, चौथी फेरी, पाण्याचा ठोका, चार की पाच. अंड्याचंही सांगितलं. वरून कुजबुज आली.

“खडू होता ना कानावर?”

होता, म्हटलं.

मग म्हणाल्या, कपाटावरून दोघींना उतरवा, पिसं मोडतील. आणि कपाटावर दाराच्या बाजूला बसली असेल ती उद्या न्या. मी विचारलं, कशावरून? म्हणाल्या, कशावरूनच नाही, पण कुणीतरी सांगायला हवं ना.

प्रदर्शनाला मी गेलो, दाराच्या बाजूची घेऊन, तिच्या पायात लाल कडं. लांब हॉलमध्ये जाळीच्या पिंजऱ्यांच्या रांगा, आणि पांढऱ्या कोटातला परीक्षक हातात बारीक छडी घेऊन एकेक पिंजरा बघत येत होता. त्यानं मागची दोन वर्षं सरकारला हातात धरलेलं होतं, हे मला माझ्या रांगेशी तो पोचल्यावर आठवलं. तो फुंकर मारून पिसं बघत होता आणि मी मनात बाक फिरवत होतो. त्यानं तिला उताणी केलं, पाय बघितले, आणि माझ्याकडे बघून म्हणाला की यंदा अंगानं भरली आहे. मी म्हटलं, हो, खाण्यापिण्याची आवड आहे तिला. दुसरा नंबर दिला.

घरी बायको दारातच उभी होती. नंबर तिनं विचारला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, आईच्या डाव्या पट्टीची कड कडक झालीये, वाळल्यासारखी. काल काय झालं होतं? मी सांगितलं. ती पांढरी पडली. एक थेंब आला असेल, म्हणाली, किंवा तू ओरडलास तेव्हा आईला धक्का बसला असेल. आता पट्टी सुटल्याशिवाय कळणार नाही.

मग तीन दिवस आम्ही त्या घरात तिघंही कुजबुजत राहिलो.

त्या तीन दिवसांत दोन्ही कोंबड्या आपापल्या परीनं पुन्हा मळल्या. एकीची छाती काळी झाली, आणि तिच्या पायात निळं कडं होतं. म्हणजे दुसरा नंबर आणला तो ढिम्मीनं. मी कुणाला सांगितलं नाही. त्या दोघी पुढे म्हातारपणानं गेल्या, एकीच्या पाठोपाठ एक, हे आत्ताच सांगून ठेवतो, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. माझा टांगलेला होता तो त्या पट्टीला. रात्री मशीनवर बसलो तर सुईत दोरा जाईना. डाव्या डोळ्याचा टाका मला सगळीकडे दिसायचा, कपड्यांच्या काजांत, बटणांच्या भोकांत.

आठव्या दिवशी सकाळी इस्पितळात गेलो. खोलीचे पडदे ओढलेले. सासूबाई खुर्चीत, बायको त्यांच्यामागे, मी समोर भिंतीपाशी, कारण मला तिथंच उभं राहावंसं वाटलं. डॉक्टरांनी आधी उजवी पट्टी सोडवली, बॅटरी मारली, मान हलवली, ठीक. मग डावी. डावीचा कापूस पापणीला चिकटला होता. त्यांनी तो पाण्यानं भिजवून थोडा थोडा सोडवला. बॅटरी मारली. वाकून बघितलं. बघतच राहिले. बायकोनं खुर्चीची पाठ धरली होती, तिची बोटं पांढरी झालेली मला दिसत होती. बॅटरी विझवून डॉक्टरांनी सासूबाईंचा उजवा डोळा स्वतःच्या तळहातानं झाकला.

“नुसत्या डाव्यानं बघा,” ते म्हणाले. “समोर काय दिसतंय?”

डोळ्यात पाणी साचलेलं होतं, लाल होता तो, आणि आधी तो कुठेच बघत नव्हता. मग हळूहळू माझ्या दिशेला वळला. माझ्या पायांपासून वर आला, पँट, शर्ट, गळ्यातली टेप. चेहऱ्यावर येऊन थांबला.

“जावई दिसतोय,” सासूबाई कुजबुजल्या. “भिंतीला टेकून उभा आहे. घाबरलाय.”

मागे बायको रडायला लागली, तिला बंदी नव्हती. सासूबाईंनी मात्र डोळा माझ्यावरून काढला नाही. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा मला वरपासून खालपर्यंत मोजलं, आणि डॉक्टरांना विचारलं,

“त्या दिवशी माझ्यावर ओरडला तो कुठे आहे?”

शपथेवर सांगतो, मीही मागे वळून पाहिलं.